झुंजीविना असील

दिवाळी सरली, खाडीवरून येणारं वारं जरा कोरडं झालं की मी असीलच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या झुंजार कोंबड्यांच्या, जोड्या लावायला घेते. मुंबईत ही जात पाळायची तर पैदाशीचे महिने जेमतेम चार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून उकाडा वाढला की नर मंदावतात, अंडी रिकामी निघायला लागतात. जूननंतर सगळंच ओलं. आणि पावसाळा संपता संपता कोंबड्या पिसं टाकतात, तेव्हा अंडीच बंद होतात. त्यामुळे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गोराईच्या आमच्या घरी परसात नुसती धांदल असते. खुराडी घासून चुना मारायचा, जुनं तूस काढून नवं पसरायचं, पायातल्या कड्यांचे नंबर वहीशी ताडून बघायचे आणि कुठला नर कुठल्या माद्यांत जाणार ते पक्कं करायचं.

माझी पहिली पाखरं वसईकडच्या एका काकांकडून आली. त्यांच्या घरात दोन पिढ्या असील होती. मी गेले तेव्हा साहजिकच माझी नजर अंगणातल्या नरांवर गेली. काका म्हणाले, "पोरी, नर सगळेच बघतात. तू मादी बघ." आणि एक मादी उचलून त्यांनी थेट माझ्या हातात दिली. उजवा हात छातीखाली, दोन बोटं तिच्या मांड्यांच्या मधे, डाव्या हाताने पाठ धरायची. दिसायला ती मध्यम चणीची, पण हातात घेतल्यावर वजन लागलं. पिसं इतकी आखूड आणि अंगाला घट्ट की छातीच्या हाडाच्या टोकाशी लाल कातडी उघडी दिसत होती. चोच आखूड आणि जाड, मान लांब, शेपूट खाली झुकलेली, पाय सरळ आणि भरीव. डोक्यावर उभा तुरा नाहीच, तीन ओळींचा बारका, कवटीला चिकटून बसलेला. डोळा मोतिया पांढरा. पिल्लांचे डोळे आधी काळपट असतात आणि वय वाढेल तसे उजळत जातात, हे मला तिथेच कळलं. मुख्य म्हणजे ती हातात शांत होती. फडफड नाही, ओरडणं नाही. असील आपसात कितीही तापट असली तरी माणसाच्या हाताला फार सोशिक असते. मला ही जात आवडली ती त्या क्षणी.

मुंबईत गल्लोगल्ली काचेमागे जी ब्रॉयलर कोंबडी टांगलेली असते तिच्यातही असीलचं रक्त आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात असीलपासून जी जात तयार झाली तिला तिकडे आधी इंडियन गेम म्हणत, पुढे कॉर्निश. विसाव्या शतकात कॉर्निश नर आणि प्लिमथ रॉक माद्या यांच्या संकरातून आजची ब्रॉयलर उभी राहिली. ती रुंद छाती असीलकडून आली. जिने जगाला छाती दिली ती मूळ जात मात्र आपल्याकडे थोड्या शौकिनांच्या परसात आणि थोडी सरकारी केंद्रांत उरली आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत असील आहे, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तिचा कळप सांभाळला जातो. त्याच यादीत आपल्या नंदुरबार-धुळ्याकडची बुसराही आहे. तीही कुणीतरी मुंबईत आणून नीट पाळावी असं मला फार वाटतं, पण तो विषय वेगळा.

असील म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो तो झुंजीचा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांना झुंजायला लावणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी माझ्या परसात झुंज झाली नसती. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. शेकडो वर्षं या जातीची निवड झुंजीनेच केली. जो नर टिकला त्याची पैदास झाली, जो पडला त्याची वंशावळ तिथेच थांबली. ती निवड क्रूर होती, पण निवड होती. झुंज काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही, तर दोन-चार पिढ्यांत नुसता उंच मानेचा, दिसायला झोकदार कोंबडा उरतो. आत हाड नाही, माद्यांमध्ये माया नाही, रोगाला तोंड द्यायची ताकद नाही. म्हणून जो झुंजीविना असील सांभाळणार त्याने झुंजीच्या जागी स्वतःची पारख उभी केली पाहिजे, आणि ती झुंजीइतकीच कडक पाहिजे. माझी सगळी मेहनत यासाठीच चाललेली असते.

तर जोड्या. आमच्याकडे तीन घरं आहेत. घर म्हणजे एक नर आणि तीन-चार माद्या. माद्या आपलं घर सोडत नाहीत, त्यांच्या मुलीही त्याच घरात राहतात. नर मात्र फिरतो: पहिल्या घरात जन्मलेला दुसऱ्यात जातो, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पुन्हा पहिल्यात. त्यामुळे बाप-लेक किंवा सख्खी भावंडं कधी एकत्र येत नाहीत आणि थोड्या पाखरांवर बरीच वर्षं रक्त ताजं राहतं. नर बदलला की मी लगेच अंडी उबवायला घेत नाही. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. ते तीन आठवडे जी अंडी येतील ती घरात खायला. पाखरं विकणारे पुष्कळजण एवढं थांबत नाहीत, आणि मग "या नराची पिल्लं" म्हणून जे दिलं जातं त्याचा बाप कोण हे कुणीच सांगू शकत नाही.

नवीन नर बाहेरून आणायची वेळ आली तर तुऱ्यावरून एक परीक्षा घेता येते. असीलचा बसका तुरा उभ्या एकेरी तुऱ्यावर मात करतो. म्हणजे असील नर आणि गावठी कोंबडी यांची पिल्लंही बसक्या तुऱ्याचीच निघतात, थोडा मोठा असतो इतकंच. कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच विल्यम बेटसन यांनी १९०२ साली दाखवून दिलं की मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात. संकराच्या पिल्लांचाही तुरा बसकाच असतो, त्यामुळे नुसता तुरा बघून नर चोख आहे असं म्हणता येत नाही. मी तो नर आधी उभ्या तुऱ्याच्या गावठी माद्यांबरोबर ठेवते. दहा-बारा पिल्लं निघाली आणि सगळ्यांचे तुरे बसके असले, तर निदान तुऱ्यापुरतं रक्त सरळ आहे. त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर करवतीसारखा उभा तुरा आला, तर मागच्या पिढ्यांत कुठेतरी भेसळ झालेली आहे. मग तो कितीही देखणा असला तरी माझ्या घरांत येत नाही.

असील मादी एका पाळीत दहा-बारा अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. लेअर जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, तिच्यापुढे हे काहीच नाही. पण लेअर कोंबडी अंड्यावर बसत नाही आणि असील जीव लावून बसते. सगळी अंडी एकाच वेळी तिच्याखाली गेली पाहिजेत, म्हणून रोजचं अंडं उचलून जागी संगमरवरी खोटं अंडं ठेवायचं. उचललेली अंडी निमुळतं टोक खाली करून माठात, आणि माठ ओल्या वाळूत, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात. इथल्या हिवाळ्यातही दुपारी पारा तिशीच्या वर जातो. साधारण विशीच्या पुढे तापमान गेलं की अंड्यातला गर्भ अर्धवट जागा होतो, धड वाढत नाही आणि धड थांबतही नाही, आणि अशक्त होऊन मरतो. आठवडाभरापेक्षा जुनं अंडं मी ठेवतच नाही.

रवणीला बसवायची ती रात्री. बांबूच्या पाटीत तळाला माती, वर पेंढा, पेंढ्यात कडुलिंबाचा पाला. शेजारी राखेचं घमेलं, कारण उवा आणि गोचिडी झाल्या तर मादी अंडी टाकून उठते. सासूबाई पाटीत एक लोखंडी खिळा ठेवतात, वीज कडाडली तर अंडी खराब होऊ नयेत म्हणून. त्यांच्या आईची पद्धत आहे, तो खिळा पाटीतच राहतो. सातव्या रात्री अंधारात अंडं टॉर्चवर धरायचं. जिवंत अंड्यात मधे गडद ठिपका असतो, त्यातून चारी बाजूंना लाल शिरा फुटलेल्या असतात, आणि जरा थांबलं तर तो ठिपका हललेला दिसतो. रिकामं अंडं नुसतं पिवळं उजळतं. ते काढून टाकायचं, म्हणजे भरलेल्या अंड्यांना पूर्ण ऊब मिळते. मादी दिवसातून एकदा उठते, दाणा-पाणी घेते, एक मोठी विष्ठा टाकते आणि पुन्हा येऊन बसते. या वेळात तिला कुणी आडवं जायचं नाही, असं आमच्या घरी मुलांनाही माहीत आहे. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

पावसाळ्यात कधी एखाद्या चांगल्या मादीची अंडी वाया जाऊ नयेत म्हणून यंत्र वापरावं लागतं. तेव्हा मुंबईची हवा खरी परीक्षा घेते. अंड्याने अठराव्या दिवसापर्यंत साधारण बारा टक्के वजन गमावलं पाहिजे, कारण आतलं पाणी कवचातून उडूनच रुंद टोकाशी हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतला घेतं. जुलैत गोराईत हवेत इतकं पाणी असतं की अंड्यातलं पाणी बाहेर पडतच नाही. पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं. यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत पाण्याची ताटली भरून ठेवा असं लिहिलेलं असतं. इथे पावसाळ्यात ती कोरडी ठेवायची, यंत्र एसीच्या खोलीत ठेवायचं, आणि दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक अंडं काट्यावर तोलायचं. पंचेचाळीस ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी साडेएकोणचाळीसच्या आसपास यायला हवं. शेवटच्या तीन दिवसांत मात्र ओलावा लागतो, नाहीतर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. तेव्हा ताटलीत पाणी ओतायचं आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. यंत्रातली पिल्लं रात्री एखाद्या खुडूक मादीखाली सरकवली तर सकाळी ती त्यांना आपलीच म्हणते.

पिल्लू सुकलं की त्याची नोंद. पायाच्या बोटांमधे पातळ पडदा असतो, एका पायाला दोन, दोन्ही मिळून चार. त्याला बारीक भोक पाडायचं. कुठे पाडलं आणि कुठे नाही यावरून सोळा वेगवेगळ्या खुणा होतात आणि पिल्लू कुठल्या घरातलं, कुठल्या मादीचं, ते जन्मभर वाचता येतं. कड्या पडतात, हरवतात. ही खूण राहते.

राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस हा परसातल्या पाळणाऱ्यांचा मोठा घोर. लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, आठव्या आठवड्याच्या पुढे आरटूबीचं टोचण. पण बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पाखरांची येते, आणि एकदा द्रावण कालवलं की दोनेक तासांत संपवावी लागते. माझ्या आठ-दहा पिल्लांसाठी ती फोडायची म्हणजे बाकीची ओतून द्यायची. म्हणून गावातल्या कोंबड्या पाळणाऱ्या घरांनी एक दिवस ठरवला आहे. एकजण बोरिवलीहून बर्फाच्या थर्मासमधे लस घेऊन सकाळच्या बोटीने खाडी उतरतो, आणि मग शेजारच्या आंटीच्या ओट्यापासून सुरुवात करून आम्ही घरोघर फिरतो. आंटी तिची गावठी पिल्लं एकेक करून हातात देते, मी थेंब टाकते, पिल्लाने डोळा मिटून उघडेपर्यंत थांबते, मग खाली सोडते. थेंब डोळ्यात मुरला नाही तर लस लागली नाही. त्या सकाळी घाई केलेली मला चालत नाही.

डास जास्त, त्यामुळे पावसाळ्यात कोंबड्यांना देवी येते. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या खपल्या धरतात. त्याची लस पंखाच्या पातळ कातडीत टोचायची, पाऊस सुरू होण्याआधी. तूस ओलं राहिलं की पिल्लांना रक्ती हगवण लागते. औषध आहे, पण तूस रोज वरखाली करणं हा खरा उपाय. राहिली घूस. साधी कोंबडीजाळी ती फाडते, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी फूटभर जमिनीत गाडून घेतली आहे.

खाण्यात मी कणी, बाजरी आणि तयार खाद्य मिसळते, वर कोळीवाड्यातला सुका जवळा. माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, म्हणजे ज्यांना हवा त्या घेतात. कॅल्शियम भरलेलं लेअरचं खाद्य नरांना नेहमी घालू नये, त्यांच्या मूत्रपिंडाला ते सोसत नाही.

आता स्वभावाची गोष्ट. असीलची पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की आपसात मान ताणून उभी राहतात. आई असेल तर ती मधे येते, चोच मारून दोघांना बाजूला करते, आणि बहुतेक वेळा तिथेच मिटतं. आईखाली वाढलेले पट्ठे यंत्रातल्यांपेक्षा उशिरा भांडतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र नर वेगळे करावेच लागतात. नुसती जाळी मधे असून भागत नाही. समोर दुसरा नर दिसला की ते जाळीवर आपटून तोंड रक्ताळून घेतात. आम्ही खुराड्यांच्या मधे बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्या आहेत. बांग ऐकू येते, दिसत कुणीच नाही, आणि नर निवांत राहतात. लढाऊ जात म्हणून तिला जखमा होणारच, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तट्टी लावून बघावी.

निवड चार वेळा होते. पहिली जन्मताच, वाकडी बोटं किंवा कातरीसारखी चोच असेल तर. दुसरी तिसऱ्या महिन्यात, पाय आणि पाठ बघून. तिसरी आठव्या महिन्याच्या सुमारास, तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंड्यावर आल्या की. शेवटची दोन वर्षांनी, कारण असीलचा बांधा त्याआधी पुरा भरतच नाही. वर्षभराच्या नरावर मत बनवणं म्हणजे घाई. मी काय बघते? हातात घेतल्यावर नर शांत राहतो का. माणसावर धावून येणारा नर कितीही उमदा असो, त्याची पैदास नाही. मादी एकवीस दिवस नेटाने बसते का, आणि पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत सांभाळते का. पावसाळ्यात कोण आजारी पडलं, कोण नाही. पाय आणि छातीचं हाड सरळ आहे का. रंग सर्वांत शेवटी. शौकीन यरकीन, नूरी, पीला, सब्जा असे रंग मोजतात, मलाही पांढरीशुभ्र नूरी बघून आनंद होतो, पण रंगासाठी मी पाय सोडत नाही.

जी पाखरं निवडीत बसत नाहीत ती आम्ही खातो. हे मी सरळ सांगते, कारण यावाचून पैदास होत नाही. सगळीच ठेवली तर जागा आणि दाणा संपतो आणि चांगल्यांची आबाळ होते. विकायचं म्हटलं तर असीलचा नर कुठे जाईल याची मला खात्री लागते. गटारीच्या आठवड्यात फोन येतात ते निदान जेवणासाठी. बाकी वर्षभर जे फोन येतात त्यातले बरेच "ताई, लढतो का?" असे असतात. त्यांना मी पाखरू देत नाही, कितीही पैसे देऊ केले तरी. पाळायलाच हवी असेल तर आधी माद्या घ्यायला सांगते, घरी येऊन खुराडं बघून जाते, आणि पुढच्या वर्षी नर देते. काहीजण वैतागून नाद सोडतात. जे टिकतात त्यांच्याकडे असील टिकते, आणि पुढे मला रक्त बदलायला त्यांच्याकडूनच नर मिळतो.

या मोसमात दुसऱ्या घरातला चार वर्षांचा नर बाजूला काढते आहे. त्याच्या मुलींनी चांगली पिल्लं वाढवली, त्याचं काम झालं. पहिल्या घरातला दोन वर्षांचा पीला त्याच्या जागी जाईल. पहिल्या घरासाठी पालघरच्या एका जोडप्याकडून नर येतोय. त्यांनी पाच वर्षांपूर्वी माझ्याकडूनच माद्या नेल्या होत्या. तो महिनाभर सगळ्यांपासून लांब, घराच्या पुढच्या बाजूला राहील, २००६ मधे नवापूरला देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ आली तेव्हापासून सासऱ्यांनी घातलेली ही शिस्त. मग आंटीच्या उभ्या तुऱ्याच्या दोन गावठी कोंबड्या त्याच्याबरोबर. आंटीने त्या द्यायचं कबूल केलं आहे, अट एवढीच की निघालेल्या पिल्लांतली अर्धी तिची. तुरे दिसेपर्यंत फेब्रुवारी उजाडेल, म्हणजे माझ्या पहिल्या घरातल्या माद्या या वर्षी रिकाम्या राहणार. राहू देत.